गेनूआबांचा शेवटचा सवाल

“हरलीस कशी? आं? हरलीस कशी तू, ते सांग आधी!”

स्टेजच्या मागं, मंडपाच्या कापडाआड गेनूआबा ओरडत होते. माईक केव्हाच बंद केला होता, पण आबांच्या गळ्याला माईक कधी लागला? पुढं बसलेल्या अख्ख्या कवठे येमाई गावाला शब्द न् शब्द ऐकू जात होता. लोकांना वाटलं, कार्यक्रमाचा पुढचा भाग सुरू झाला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आबांच्या समोर उज्ज्वला मान खाली घालून उभी होती. वय बावीस. केसांत लोकांनी उधळलेल्या झेंडूच्या पाकळ्या तशाच. मी ढोलकी पोटाशी धरून दोघांच्या मध्ये, म्हणजे दोन्हीकडून मार खायला सोयीच्या जागी.

“आबा, दम लागंल तुमाला,” मी म्हणालो.

“तू गप रं दाम्या! ह्या सवालाचं उत्तर म्या हिला माज्या तोंडानं सांगितलंय. एकदा न्हाई, धा येळा. आन् आज समद्या गावात ही म्हंती, हरले! कुनाला हरलीस गं? मला, का माज्या वयाला?”

आबांना खोकल्याची उबळ आली, ते खुर्चीत बसले, आणि मी कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं…

आबांना जाऊन आता पाच आठवडे होतील. त्यांच्याविषयी काही लिहा, असा पुरवणीवाल्यांचा निरोप आला तेव्हा मला आधी ही ओरडच ऐकू आली. नंतर बाकीचं.

बातमी आली ती सकाळी. आबांच्या धाकट्या मुलाचा, रमेशचा, फोन. तो एवढंच म्हणाला, “दामूकाका, आबा गेले.” मी म्हणालो, “कुठं?” हसू नका. जो माणूस जन्मभर आज या गावाला तर उद्या त्या गावाला गायला जात होता, तो गेला म्हटल्यावर कुठं गेला असंच तोंडातून येणार. रमेश पलीकडं रडायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मग मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, चहा टाक. चहा झाला. तो गार झाला. तिनं तो पुन्हा गरम केला. तो पुन्हा गार झाला. असा तो चहा सात वेळा गरम झाला… बरं, तीन वेळा. मी दौंडमधला नावाजलेला थापाड्या आहे, हे वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना माहीत आहेच. पण थाप मारायलाही दम लागतो, आणि अलीकडं तो पुरत नाही. तेव्हा या लेखात थापा बेतानंच आहेत असं समजा.

आबा मूळचे राहू गावचे. रेल्वेच्या गँगमध्ये लागले आणि दौंडला कॉलनीत राहायला आले. ते गँगचे मुकादम झाल्यावर वर्षभरानं मी त्यांच्या हाताखाली लागलो. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रूळ सरकवायचा म्हणजे पंधरा माणसांनी पंधरा पहारी रुळाखाली घालायच्या आणि सगळ्यांनी एकाच क्षणी जोर लावायचा. एक जण मागं राहिला तर रूळ हलत नाही, एक जण पुढं गेला तर पहार उलटते आणि त्याची हनुवटी फोडते. म्हणून मुकादम हाळी देतो. “दौंड सुटली रं… हय्या! नगर गाठली रं… हय्या!” या ‘रं’ आणि ‘हय्या’च्या मधली जी जागा आहे, तिथं आबांचा गळा तयार झाला. ते ‘रं’ लांबवायचे, लांबवायचे, पंधराच्या पंधरा हात पहारीवर पक्के बसेपर्यंत लांबवायचे, आणि मग ‘हय्या’ असा टाकायचे की रूळ आपणहून सरकायचा, आम्ही नुसते हात लावून उभे. एकदा मालधक्क्यावर त्यांनी असा हेल काढला तर तिकडं राहूत म्हशींनी पान्हा सोडला. मी स्वतः पाहिलं नाही, पण म्हशींच्या मालकानं दूध वाढवून घातलं होतं, म्हणजे काहीतरी झालंच असणार.

आज शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत जयंतीला गाणारा जो कुणी पोरगा किंवा पोरगी आहे, त्याच्या गाण्यात तो हेल आहे. कडव्याच्या तिसऱ्या ओळीला डोळे मिटून, हात वर करून, शेवटचं अक्षर असं ताणतात की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. कुणी त्याला वेदना म्हणतं, कुणी करुणा म्हणतं. एका प्राध्यापकांनी भाषणात त्याला ‘युगानुयुगांचा हुंकार’ म्हटलेलं मी ऐकलं आहे. मी मागं बसून गप्प राहिलो. कारण त्या हेलाचं खरं कारण मी होतो. गँगमध्ये पहार धरायला सगळ्यात उशीर मी लावायचो. आबा माझ्यासाठी थांबायचे.

आमची गायन पार्टी म्हणजे आबा, मी ढोलकीला, एक पेटीवाला आणि मागं दोन जण कोरसला. ड्युटी करून, रजा टाकून, एप्रिल-मेमध्ये गावोगाव हिंडायचो. आणि त्या काळी नुसतं गाणं म्हणून घरी जायची पद्धत नव्हती. सामना असायचा. समोरासमोर दोन पार्ट्या बसायच्या. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं आणि वर आपला सवाल ठेवायचा. सवाल इतिहासाचे असायचे, धम्माचे असायचे, आणि आबांचे सवाल बहुतेक आपल्या आज्या-पणज्यांच्या जगण्यातले असायचे. उत्तर आलं नाही की उठून हात जोडायचे आणि ‘हरलो’ म्हणायचं. त्यात लाज नव्हती. आबा स्वतः अनेकदा हरले. हरले की परतीच्या वाटेवर ते त्या सवालाचं उत्तर गुणगुणत यायचे, आणि पुढच्या गावात तोच सवाल दुसऱ्यावर टाकायचे. ते म्हणायचे, “हरल्याबिगर मानसाला नवं काय घावतंय?”

मग आबा रिटायर झाले, राहूला परत गेले, केस पिकले, दम्यानं छातीत घर केलं, आणि एक फार वाईट गोष्ट झाली. लोक त्यांचा सत्कार करू लागले.

तुम्ही म्हणाल, यात वाईट ते काय? कार्यक्रमाला बोलवायचे. समोरच्या पार्टीतली तरणी पोरं एकेक करून पाया पडायची. शाल, श्रीफळ, फेटा. मग म्हणायचे, “आबा, आता आशीर्वादाचं एक गाणं म्हणा.” आबा गायचे. टाळ्या. मग त्यांना सन्मानानं पहिल्या रांगेत सोफ्यावर नेऊन बसवायचे आणि सामना तरण्या पार्ट्यांचा व्हायचा. आबा सोफ्यावर बसून मनातल्या मनात दोन्हीकडची उत्तरं द्यायचे, हे मला त्यांच्या बोटांवरून कळायचं. गुडघ्यावर ठेका सुरू असायचा. त्यांच्या घरी शाली इतक्या साठल्या की इंदूआक्कांनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, गोधड्यांना त्यांच्या खोळी शिवल्या, पाहुण्यांना वाटल्या, आणि तरी एक ट्रंक भरून उरल्या. एकदा न्हावऱ्याच्या कार्यक्रमात आबांनी अंगावर टाकलेली शाल काढून घडी घातली आणि ती संयोजकाच्या हातात परत दिली.

“काय झालं आबा?”

“शाल नगं. सवाल द्या.”

संयोजक हसला. त्याला वाटलं, म्हातारा विनोद करतोय.

विनोद नव्हता. पुढची दोन-तीन वर्षं आबांचं एकच मागणं होतं. कुणीतरी समोर बसावं आणि आपल्याशी खरोखरीचा सामना करावा. हरवलं तर हरवावं. मी चार पार्ट्यांना जाऊन विचारलं. चौघांनी कानाला हात लावला. “आबांच्या समोर? नको मामा. हरलो तर ठीक, पण जिंकलो तर लोक काय म्हणतील?” आबांना सांगितलं तर म्हणाले, “म्हंजी मी मेलो का काय रं दाम्या? मेल्याला कोन सवाल घालत न्हाई.”

अशात उज्ज्वला आली. कवठे येमाईची. बाप रोजंदारीवर कांदे काढायचा, हिनं डीएड केलं होतं आणि गळा असा की… थांबा, इथं मी थाप मारणार होतो, मारत नाही. गळा चांगला होता. फार चांगला होता. दर रविवारी दोन एसट्या बदलून ती राहूला यायची. दोनशे पानी वही आणि एक टेपरेकॉर्डर, तो काखेत पोरासारखा धरलेला. आबा गायला लागले की ती बटण दाबायची. गाणं संपून आबा बोलायला लागले, कुठल्या गाण्यामागं काय घडलं होतं ते सांगायला लागले, की ती बटण बंद करायची आणि हात जुळवून समोर बसायची. मला ते फार आवडायचं. मी आक्कांना म्हणालो होतो, बघा, गाणं मशीनला देते आणि गोष्ट स्वतः घेते.

अशाच एका रविवारी आबांनी तिला पहिल्यांदा काठीची गोष्ट सांगितली. ती मी शंभरदा ऐकलेली, पण सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. आमच्या बापजाद्यांकडं पाळीनं गावकीचं काम असायचं. ज्याची पाळी तो यसकर. दिवसभर गावाची कामं करायची, आणि संध्याकाळी घुंगरू बांधलेली काठी वाजवत घरोघर भाकरी मागायला जायचं. काठी वाजली की आतून कुणीतरी भाकरी आणून टोपल्यात टाकायचं. वरून. आबा सात-आठ वर्षांचे असताना बापामागं टोपलं धरून चालायचे. पुढं आमच्या लोकांनी ती कामं सोडली, धम्म घेतला, आबांच्या बापानं काठीचे दोन तुकडे करून चुलीत घातले. पण आबांना त्यातलं एक लक्षात राहिलं होतं. बाप चालता चालता एखाद्या दारापाशी आला की काठी उचलून खांद्यावर घ्यायचा, घुंगरू मुठीत दाबायचा आणि आवाज न करता पुढं जायचा. पोरानं विचारलं, “इथं का न्हाई वाजवली?” बाप म्हणाला, “वर बघ. धूर हाय का? ह्यांची चूल पेटली न्हाई आज. काठी वाजली तर बाईनं भाईर येऊन काय सांगायचं?”

आबा हे सांगून नेहमी एक शेंग फोडायचे. “काठी टाकली ते ब्येस झालं,” ते म्हणायचे. “पन आपल्या पोटाला न्हाई आन् दुसऱ्याची लाज झाकतोय, हे टाकू नगा रं.”

त्या दिवशी उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी होतं. निदान मला तरी ते दिसलं.

सामन्याची गोष्ट मीच काढली. “उज्ज्वले, तू बसशील का आबांसमोर?” ती आधी घाबरली, मग आबांकडं बघितलं. आबा असे बघत होते, जसं लहान पोर जत्रेला न्यायचं का नाही ते विचारायला बापाच्या तोंडाकडं बघतं. ती म्हणाली, “बसते.” त्या दिवसापासून आबा दहा वर्षांनी लहान झाले. सकाळी उठून राहूच्या नदीवर जाऊन आवाज लावायचे. दोन चमचे मध, एक इनहेलर आणि तीन तास रियाज. आक्का म्हणायच्या, “दामूभाऊ, हे मला लगीन झाल्यापासनं असं कवा बगाय मिळालं न्हाई.” माझ्याकडून ढोलकीला नवं कातडं बसवून घेतलं. मला दर दोन दिवसांनी बोलावून नवे सवाल ऐकवायचे आणि वर दम द्यायचे, “तिला सांगशील तर तंगडं मोडीन.”

तंगडं मोडायला हवं होतं. कारण मी तिला सवाल नाही सांगितला, पण त्याहून वाईट केलं.

कार्यक्रम कवठे येमाईलाच होता, दुपारी चारला. पार्ट्या बसायच्या आधी मी आबांची छाती ऐकली. शिट्टी वाजत होती, भाताच्या कुकरसारखी. मनात आलं, हा माणूस आज समोरच्या पोरीकडून हरला तर काय होईल? आयुष्यभर हरत आलेला माणूस, पण तेव्हा पुढचा सामना समोर दिसत असायचा. हा शेवटचा. शेवटचा सामना हरलेला माणूस त्याचं उत्तर गुणगुणत कुठल्या गावाला जाणार? मी मंडपामागं गेलो. उज्ज्वला आरशाचा तुकडा धरून पदराला पिन लावत होती.

मी म्हणालो, “पोरी, एक ऐक. सगळे सवाल तोलामोलानं जाऊ दे. पण शेवटचा सोडून दे. आबांना जिंकून जाऊ दे घरी.”

तिनं पिन तोंडातून काढली. “बघू मामा,” म्हणाली. एवढंच.

सामना असा झाला, असा झाला की… खरंच सांगतो, याला तिखटमीठ लावायची गरजच नाही. आबांनी एक टाकायचा, तिनं तो उचलायचा. तिनं टाकायचा, आबांनी हसत हसत फेडायचा. दोन तास. दम्यानं आबांचा आवाज मधूनच फाटायचा, आणि ते त्या फाटलेल्या जागेतूनच हेल बाहेर काढायचे. मी पन्नास वर्षं… म्हणजे पस्तीस वर्षं त्यांच्यामागं ढोलकी वाजवली, पण त्या दिवशी माझे हात त्यांच्या मागं धावत होते. उजेड उतरायला लागला होता. मग आबा उठून उभे राहिले आणि त्यांनी शेवटचा सवाल टाकला.

“काठी घुंगराची हाती, फिरे यसकर दारोदारी,
सांग कोणत्या दारी त्यानं काठी घेतली खांद्यावरी?”

याचं उत्तर त्या मंडपात फक्त तीन माणसांना माहीत होतं. आबा, मी आणि ती. आबांनी तिला जिंकायला दिलेला सवाल होता तो. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं. म्हातारा आपलं सगळ्यात जवळचं गाठोडं तिच्या ओंजळीत टाकून उभा होता, उत्तर ऐकायला. ते उत्तर तिच्या तोंडून समद्या गावानं ऐकावं म्हणून.

उज्ज्वला उठली. पेटीवाला सूर धरून बसला होता. ती उभी राहिली, इतका वेळ उभी राहिली की मागची लहान पोरं गप्प झाली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग ती चालत मधे आली, आबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि माईकवर म्हणाली, “हरले, आबा.”

मंडप उठला हो! झेंडूच्या पाकळ्या, शिट्ट्या. निवेदकानं माईक ओढून घेतला. “मंडळी, पोरीनं मन मोठं केलं! उत्तर ओठांवर असून गुरूचा मान राखला!” म्हातारी माणसं डोळे पुसत होती. आणि आबा त्या सगळ्या गदारोळात खांबासारखे उभे. मग त्यांनी तिचा दंड धरला आणि तिला मागं नेलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

परतताना आम्ही रमेशच्या जीपमध्ये होतो. शिरूर मागं पडलं. मग आबा समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाले, “दाम्या. लबाड बोलू नगंस. तुला काय ठाव हाय?”

मी जन्मभर खोटं बोलत आलो. बायकोशी, साहेबांशी, डॉक्टरांशी. एक खोटं त्या दिवशी बोललो असतो तर काय बिघडणार होतं? पण मला वाटलं, पोरीवरचा राग तरी जाईल. मी म्हणालो, “मीच सांगितलं तिला, आबा. शेवटचा सोड म्हणून.”

आबांनी मान हलवली. दोनदा. “बरं,” म्हणाले.

पुन्हा त्यांनी सामना केला नाही. सामनाच काय, कुणी बोलावलं तर दम्याचं कारण सांगायचे. उज्ज्वला पुढच्या रविवारी नेहमीसारखी आली. आबा खुर्चीतून उठले. “या बाई, बसा. अगं ए, ह्यान्ला चा टाक.” ती जागच्या जागी गोठली. आजवर ‘ए पोरी’ आणि ‘ए उज्जे’ सोडून दुसरी हाक नव्हती. त्यांनी तिला चाल सांगितली, चूक दुरुस्त केली, सगळं केलं, पण अहो-जाहो करत. गोष्ट एकही सांगितली नाही. ती अजून दोन रविवार आली आणि मग यायची थांबली. मला तर त्यांनी ‘दामोदरराव’ केलं. पस्तीस वर्षांचा दाम्या एका संध्याकाळीत दामोदरराव झाला. लोकांना वाटायचं, आबा वयानं किती नम्र झाले. मी घरी येऊन बायकोवर चिडायचो.

दोन-अडीच वर्षं अशी गेली. उज्ज्वलाचं नाव झालं, दोन कॅसेट निघाल्या. दौंडच्या बाजारात रसवंतीवर, टपरीवर तिचा आवाज लागायचा आणि त्यात आबांचा हेल जसाच्या तसा. तिचं ऐकून दुसरी पोरं तसं गायला लागली, त्यांचं ऐकून तिसरी. आबा राहूत ओट्यावर बसून जयंतीच्या भोंग्यावर ते ऐकायचे. एकदा मी विचारलं, “कसं गाती?” म्हणाले, “सुरात हाय, दामोदरराव.” मग डीजे आले आणि राहूत हेल ऐकू येईनासा झाला.

अंत्यविधी नदीकाठी झाला. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि मग आपोआप कुणीतरी गाणं उचललं. दोन्ही तालुक्यांतले झाडून सगळे गाणारे आले होते. तिसऱ्या ओळीला सगळ्यांनी एकदम डोळे मिटून तो हेल काढला… मी मनात पहार धरली. माझा हात अजूनही उशिराच आला.

मागच्या रविवारी उज्ज्वलाचा निरोप आला, आक्कांना भेटायला जायचंय, सोबत चला. गेलो. आबांची खोली तशीच आहे. खिडकीखाली ती लोखंडी खुर्ची, तिच्यावर कुणी बसत नाही. आबांना बोलता बोलता शेंगा फोडायची सवय; खुर्चीच्या पट्ट्यांत टरफलं अडकलेली आहेत, आक्का झाडतात तरी रोज दोन-चार खाली पडतात. भिंतीला त्यांची गाताना वाजवायची दिमडी. आक्का चहा टाकायला आत गेल्या. उज्ज्वला खाली सतरंजीवर बसली, पूर्वी बसायची तिथंच.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, “पोरी, त्या दिवशी मी तुला हरायला सांगितलं, ते माझं चुकलं. तू माझं ऐकायला नको होतंस. उत्तर द्यायचं होतंस. म्हातारा त्याच्यासाठीच उभा होता.”

ती टरफलाकडं बघत होती.

“तुम्ही सांगितलं म्हणून न्हाई हरले, मामा. मला उत्तर येतच नव्हतं.”

“असं कसं? त्यांनी तुला माझ्यासमोर सांगितलं होतं. धा वेळा!”

“आबा गोष्टी सांगायचे, तवा मी मनात चाल घोकत असायची. टेपवर हेल नीट उतरत नव्हता, विसरंल म्हणून.”

म्हणजे आबा त्या दिवशी जिंकले होते. खरोखरचे, रीतसर, भर मंडपात. शेवटचा सामना त्यांनी जिंकला होता आणि आम्ही दोघांनी मिळून तो त्यांच्या हातातून काढून घेतला होता, तिनं गप्प राहून आणि मी खरं बोलून… मला खुर्चीत बसायचं होतं, पण तिथं कसं बसणार? मी भिंतीला टेकलो.

“मग ते ओरडत होते तवा का न्हाई सांगितलंस? नंतर तीन रविवार आलीस, तवा तरी?”

तिनं पदराचं टोक सारखं केलं.

“सगळी म्हणत होती, पोरीचं मन मोठं हाय,” ती म्हणाली. “ऐकायला बरं वाटत होतं.”